उभी गाडी आणि फिरता मिस्त्री

या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. ट्रकच्या मिस्त्रीचा इतिहास तुम्ही कशाला सांगताय?’ उत्तर सोपं आहे. मी तर्कशास्त्र शिकवत असे. अनुमान शिकवायला आपल्याकडे एक ठरलेला दृष्टान्त आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायदर्शनातून तो चालत आलाय. आम्ही तो वर्गात सांगायचो, मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत लिहायची. पण वर्गातल्या कुणालाच धुरावरून खरोखर काही ओळखायची गरज नव्हती, मला धरून. धूर बघून अनुमान करणारा आणि त्यावर पोट भरणारा माणूस आपल्या समाजात आहे. तो हमरस्त्याच्या कडेला, बंद पडलेल्या ट्रकपाशी उभा आहे. आज त्याच्याविषयी बोलायचंय.

आधी हा माणूस कोण ते स्पष्ट करतो. गॅरेज म्हटलं की गाडी दुरुस्तीकडे जाते. इथे दुरुस्ती गाडीकडे जाते. ट्रक, ट्रेलर, टँकर किंवा बस रस्त्यात बंद पडली की ड्रायव्हर मालकाला कळवतो, मालक मिस्त्रीला कळवतो, आणि मिस्त्री पान्यांची पिशवी घेऊन मोटरसायकलवर किंवा त्याच बाजूला निघालेल्या दुसऱ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून तिथे पोहोचतो. एरवी गाड्या मुक्कामाला आल्या की पार्किंगमध्येच जाऊन ऑइल बदलणं, ब्रेक जुळवणं, ग्रीस मारणं हेही तोच करतो. कळंबोली, भिवंडी, वाशी, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, अशा ठिकाणी संध्याकाळी गेलात तर तो तुम्हाला दिसेल. म्हणजे त्याचे पाय दिसतील, बाकीचा माणूस गाडीखाली असतो.

‘मिस्त्री’ हा शब्दच बघा. तो पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. मूळ अर्थ उस्ताद, गुरू. गोव्यात, कोकणात ‘मेस्त’ आणि ‘मेस्त्री’ ही रूपं अजून आहेत. म्हणजे भाषेने या माणसाला गुरूचं पद कधीच देऊन ठेवलंय. आपण ते दिलं का, हा पुढचा प्रश्न.

आता इतिहासाकडे येऊ. स्वातंत्र्याच्या आधी आणि लगेच नंतर आपल्या रस्त्यांवर नाना देशांच्या, नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर ही राज्य परिवहनाची पहिली बस सुटली, ती बेडफर्डची होती. त्या काळात एस.टी.कडे शेवरोले, फोर्ड, बेडफर्ड, आल्बियन, लेलँड, मॉरिस अशा निरनिराळ्या गाड्या होत्या. महायुद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेले ट्रकही खासगी वाहतुकीत आले होते. ब्रिटिश गाडीचे नट एका मापाचे, अमेरिकन गाडीचे दुसऱ्या, जर्मन गाडीचे मिलिमीटरमध्ये. एका गाडीचा पाना दुसरीला चालत नसे. अशा परिस्थितीत ड्रायव्हर आणि क्लीनर हेच गाडीचे मिस्त्री. आपण क्लीनर म्हणजे काच पुसणारा पोरगा समजतो. प्रत्यक्षात तो उमेदवार होता. चाक बदलता बदलता, पाना हातात देता देता तो शिकायचा. पुढे एक तर ड्रायव्हर व्हायचा, नाही तर मिस्त्री.

मग 1954 साल आलं. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. 1969 पर्यंत हा करार होता. तोवर आपल्या ट्रकच्या तोंडावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी असे आणि लोक ‘टाटा-मर्सिडीज’ म्हणत. 1955 मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. त्याआधी 1951 मध्ये बंगळूरची मायको सुरू झाली होती. डिझेल इंजिनाचे पंप आणि नोझल तिचे. पुढची तीन-चार दशकं आपल्या रस्त्यावर प्रामुख्याने या दोनच कंपन्यांचे ट्रक होते आणि बहुतेकांच्या पोटात मायकोचा पंप होता.

इथे एक गंमतीची गोष्ट घडली, जिच्याकडे अर्थशास्त्राच्या पुस्तकांचं फारसं लक्ष गेलेलं नाही. परवाना राजवटीबद्दल आपण बोलतो तेव्हा ग्राहकाचं किती नुकसान झालं ते सांगतो, आणि ते खरंच आहे. नवा ट्रक मिळायला थांबावं लागे, सुधारणा होत नसत. पण मॉडेल कमी आणि तीच ती वर्षानुवर्षं, याचा दुसरा परिणाम असा झाला की कसाऱ्याच्या घाटात शिकलेली गोष्ट कोल्हापूरला लागू पडायची, आणि कोल्हापूरची इंदूरला. टाटाचं 697 नंबरचं सहा सिलिंडरचं इंजिन हे मिस्त्री लोकांचं जणू सामायिक पाठ्यपुस्तक झालं. ते कुणी छापलं नव्हतं. ते हजारो हातांमध्ये होतं, आणि चहाच्या टपरीवर एकाकडून दुसऱ्याकडे जात होतं. हे ज्ञान कुणा एकाच्या मालकीचं नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

हे ज्ञान शिकवणाऱ्या शाळा दोन. एक एस.टी.ची: आगार, विभागीय कार्यशाळा आणि वर दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा. तिथे नोंदवही असते, ठरावीक किलोमीटरनंतर ठरावीक काम असतं, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर आगारातून मेकॅनिक जातो. 1950 मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, आयटीआय निघाल्या. 1961 मध्ये शिकाऊ उमेदवारी कायदा झाला. त्यातून ‘डिझेल मेकॅनिक’ हा कागदावरचा व्यवसाय तयार झाला. दुसरी शाळा रस्त्याची. तिला नोंदवही नाही. तिथे पोऱ्या, मग हेल्पर, मग हाफ मिस्त्री, मग मिस्त्री अशा पायऱ्या. कुठल्या दिवशी कोण पुढच्या पायरीवर गेला हे कुणी जाहीर करत नाही. एके दिवशी उस्ताद म्हणतो, ‘आज तू एकटा जाऊन ये.’ तोच पदवीदान समारंभ.

या धंद्याला ‘फिरतं’ व्हावं का लागलं? कारण आपल्याकडच्या बहुतांश ट्रकमालकांकडे पाचाहून कमी गाड्या असतात. एवढ्यासाठी कुणी स्वतःची कार्यशाळा काढत नाही आणि पगारी मेकॅनिक ठेवत नाही. पण हप्ता मात्र दर महिन्याला भरायचाच असतो. गाडी चालली तर हप्ता निघतो, उभी राहिली तर निघत नाही. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात ‘गाडी उभी आहे’ हे वाक्य घरात कुणी आजारी असल्यासारखं उच्चारतात. दहा मालकांच्या तीस-चाळीस गाड्या मिळून एका मिस्त्रीला पुरेसं काम होतं, आणि त्या दहा मालकांना एक मिस्त्री पुरतो. ही व्यवस्था कुणी आखली नाही, ती गरजेतून जमली.

फोनने तिला वेग दिला. आधी निरोप दुसऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर जायचा. मग एसटीडीचे पिवळे बूथ आले. 1995 मध्ये देशात मोबाइल सुरू झाला. 2003 मध्ये येणाऱ्या फोनचे पैसे लागेनासे झाले, आणि मिस्त्रीच्या खिशात फोन आला. आता ड्रायव्हर घाटातून फोन लावतो आणि तो इंजिनापाशी धरतो. ‘आवाज ऐका’ म्हणतो. मिस्त्री तिकडून सांगतो, फिल्टरपाशी पंप मारून बघ, डिझेलने हवा घेतली असेल. डिझेलच्या नळीत हवा शिरली की इंजिन चालू होत नाही. फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, हाताचा पंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. बहुतेक ड्रायव्हरांना हे येतं. ज्याला येत नाही त्याला फोनवर शिकवता येतं. मिस्त्री स्वतः पोहोचण्याआधी त्याचं ज्ञान पोहोचतं.

आता त्या ज्ञानाकडे जरा नीट बघू.

मघाचा धूर घ्या. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही: डिझेल जास्त येतंय किंवा हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: रिंगा झिजल्या असतील, किंवा टर्बोमधून ऑइल जातंय. पांढरा धूर टिकून राहिला तर न जळलेलं डिझेल, किंवा पाणी आत शिरतंय: हेडची गॅस्केट संशयाखाली. न्यायशास्त्राने धुरावरून अग्नी आहे एवढंच सांगितलं. हा माणूस धुरावरून अग्नीला काय झालंय ते सांगतो.

आणि न्यायशास्त्रातली एक बारीक गोष्टही त्याला ठाऊक आहे, तिचं नाव ठाऊक नसेल. धूर आहे तर अग्नी आहे, हे बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच, हे चूक. त्याला ओलं सरपण लागतं. या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. काळा धूर दिसला की नवखा माणूस म्हणतो, पंप बिघडला, उतरवा. जाणता मिस्त्री आधी एअर फिल्टर काढून झटकतो. काळ्या धुरामागे पंपच असतो असं नाही, चोंदलेला फिल्टरही असू शकतो, हे त्याला कळतं. त्या एका झटक्यात मालकाचे काही हजार रुपये वाचतात. तर्कशास्त्राचा उपयोग काय, असं मला विद्यार्थी विचारत. हा घ्या.

दुसरं उदाहरण याहून महत्त्वाचं आहे. इंजिन ‘मिसिंग मारतंय’, म्हणजे सहापैकी एखादा सिलिंडर काम करत नाही. कुठला? जुन्या इंजिनात मिस्त्री काय करतो? इंजिन चालू ठेवतो आणि एकेका नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करतो. पहिला सैल केला, इंजिनाचा आवाज पडला: म्हणजे तो सिलिंडर काम करत होता. नट आवळला. दुसरा, आवाज पडला. तिसरा, चौथा. पाचवा सैल केला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. सापडला! जो आधीच काम करत नाही त्याला बंद करून काय फरक पडणार?

1843 मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने कारण शोधण्याच्या रीती मांडल्या, त्यात ‘भेदाची रीत’ आहे. आपल्याकडे याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: असताना काय होतं ते बघा, आणि काढून घेतल्यावर काय होतं ते बघा. मिस्त्रीचा तेरा-चौदा नाही तर सतरा-एकोणीसचा पाना म्हणजे व्यतिरेकाचं हत्यार. गिल्बर्ट राईल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1949 च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यांत भेद केला, आणि दुसरं पहिल्यापेक्षा हलकं नाही असं बजावलं. आपल्याला हे बजावून घेण्याची गरज जास्त आहे. कारण आपल्या समाजात हात मळवणाऱ्याचं ज्ञान हलकं धरण्याची व्यवस्था हजारो वर्षं चालली, तिला धर्माचा आधार दिला गेला. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये दाखवून दिलं की जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी करते. मोटारीचं काम नवं होतं, त्याला परंपरेने नेमून दिलेली जात नव्हती. त्यामुळे त्यात नाना जातिधर्मांची मुलं शिरली. पण काम नवं असलं तरी नजर जुनीच राहिली. काळे हात बघून आपण ‘अडाणी’ म्हणतो आणि मग त्यालाच विचारतो, ‘मिस्त्री, काय झालं असेल हो?’

धंद्याचं गोडवं गाणारं चित्र मी काढत नाहीये. घाटात चाकाला दगड लावून, मागे झाडाच्या फांद्या टाकून गाडीखाली झोपायचं आणि शेजारून गाड्या भरधाव जात असतात. ॲस्बेस्टॉसचे लायनर असताना ब्रेक ड्रममधली धूळ तोंडाने, हवेने उडवत वर्षं काढलेली माणसं आहेत. पोऱ्या म्हणून लागलेलं मूल बारा-तेरा वर्षांचं असायचं, त्याची शाळा सुटलेली असायची. यातलं काहीच परत यावं असं मला वाटत नाही.

आता अलीकडच्या दहा वर्षांत काय झालं? 1 एप्रिल 2017 ला बीएस-4 हे प्रदूषणाचे निकष देशभर लागू झाले आणि 1 एप्रिल 2020 ला थेट बीएस-6. ट्रकच्या इंजिनाचा कारभार संगणकाकडे गेला. डिझेल आता ‘कॉमन रेल’मधून येतं. ट्रकच्या टायरमध्ये साधारण 8 बार दाब असतो. या रेलमध्ये 1600 बार आणि त्याहूनही जास्त. मघाची नट सैल करायची युक्ती इथे केली तर डिझेलची धार कातडीत घुसेल. म्हणजे व्यतिरेकाचं ते हत्यार गेलं.

पण खरंच गेलं का? नीट ऐका. एकेक सिलिंडर बंद करून बघण्याची चाचणी आजही आहे. ती कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्कॅनर जोडा, बटण दाबा, संगणक एकेक सिलिंडर बंद करून दाखवतो. रीत तीच, मिलची आणि आपल्या मिस्त्रीची. ती पान्यातून निघाली आणि परवान्याच्या कुलपात गेली. तसंच इंजेक्टरचं. पुष्कळ इंजिनांत नवा इंजेक्टर बसवला की त्याचा सांकेतिक क्रमांक संगणकाला कळवावा लागतो, नाही तर इंजिन नीट चालत नाही. तसंच युरियाचं. धूर शुद्ध करायला 32.5 टक्के युरियाचं द्रावण लागतं. ते संपलं, किंवा ते मोजणारा सेन्सर बिघडला, की संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. लोखंडात कुठेही बिघाड नसतो, आणि भरलेली गाडी घाटात रांगायला लागते.

निकषांविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. बीएस-6 बरोबर डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत 50 भागांवरून 10 वर आली. काळा धूर कमी झाला, आणि तो सगळ्यात जास्त ज्याच्या छातीत जात होता तो मिस्त्रीच होता. माझा प्रश्न वेगळा आहे. धूर कमी करण्यासाठी इंजिनात संगणक बसवावा लागला, हे मान्य. त्या संगणकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे राहावा, हे धूर कमी करण्यासाठी कुठे आवश्यक होतं?

युरोपचं बघा. अवजड वाहनांचा युरो-6 नियम 2009 चा. त्याच्या शीर्षकातच दोन गोष्टी आहेत: वाहनांचं उत्सर्जन, आणि दुरुस्ती-देखभालीच्या माहितीची उपलब्धता. त्यांना सुरुवातीलाच कळलं होतं की पहिलं करायला गेलं की दुसऱ्याचा प्रश्न उभा राहणार. अमेरिकेत 2015 मध्ये अवजड वाहनांच्या उत्पादकांनी आणि स्वतंत्र दुरुस्ती व्यावसायिकांनी माहिती देण्याघेण्याचा समझोता केला. आपल्याकडे 2014 मध्ये स्पर्धा आयोगाने 14 मोटारकार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना न दिल्याबद्दल अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. 2022 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्या वर्षाच्या अखेरीला एक पोर्टल सुरू केलं, मोटारवाहन हे त्यातलं एक क्षेत्र. म्हणजे दार किलकिलं झालंय. पण ही सगळी चर्चा ग्राहकाच्या बाजूने चालते: ग्राहकाला स्वस्त दुरुस्ती मिळाली पाहिजे. ते हवंच. मिस्त्रीची बाजू मात्र त्यात कुणी ज्ञानाची बाजू म्हणून मांडत नाही.

ती मी आज मांडतो. जुना ट्रक बिघडला की कुणीही त्याला विचारू शकत होता: तुला काय झालंय? एक भाग काढून बघता येत होता, दुसरा लावून बघता येत होता. चुकत चुकत शिकता येत होतं. आयटीआयचा मुलगा आणि शाळा सोडलेला मुलगा एकाच इंजिनासमोर सारखे होते. नव्या ट्रकला प्रश्न विचारण्याआधी परवानगी घ्यावी लागते. ज्याला परवानगी नाही तो पाने फिरवणारा मजूर उरतो. आणि जो मजूर उरला त्याच्याकडे शिकायला पुढचा पोरगा येत नाही. या धंद्यात विद्या अशी संपते. विद्येवरची बंदी आपल्या समाजाला नवी नाही. पूर्वी ती जन्मावरून होती. सॉफ्टवेअरच्या परवान्याने ती पुन्हा उभी राहत असेल, तर निदान आपण ती ओळखली पाहिजे.

हा माणूस हरलाय असंही समजू नका. आज अनेक फिरत्या मिस्त्रींच्या पिशवीत बाजारातला स्कॅनर आहे. मोबाइलवर ते एकमेकांना एरर कोडचे फोटो पाठवतात, कुठला कोड प्रत्यक्षात कशामुळे येतो ते सांगतात. कोड म्हणतो सेन्सर खराब. जाणता मिस्त्री आधी वायर बघतो, उंदराने कुरतडली असेल किंवा जोडात पाणी गेलं असेल. म्हणजे उपाधी तपासायची सवय सुटलेली नाही. चहाच्या टपरीवरचं पाठ्यपुस्तक आता फोनमध्ये लिहिलं जातंय. त्याला कायद्याचा आधार मिळाला पाहिजे: तपासणीची माहिती वाजवी दरात, मराठी-हिंदीत, आणि परीक्षेत बसायला शाळेचा दाखला न मागणारं प्रशिक्षण. हाताने शिकलेल्याला आधी शिकलेलं मोजून प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत 2015 पासून आहे. तिचा उपयोग या लोकांसाठी नेटाने व्हायला हवा.

शेवटी ऐकणाऱ्या तरुण मंडळींना एक काम सांगतो. आपल्याकडे राजांचे, लढायांचे, संस्थांचे इतिहास आहेत. 697 इंजिनावर चाळीस वर्षं घालवलेली माणसं आज माझ्या वयाची आहेत, आणि त्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. तुमच्या गावाबाहेर हायवेवर असा एखादा म्हातारा मिस्त्री नक्की असेल. त्याच्यापाशी जाऊन बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि एवढंच विचारा: आवाजावरून कसं ओळखायचं? तो सांगायला लागला की मध्ये बोलू नका.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.